चार चाकांचा एकच श्वास

१

चाक उघडलं, तर आत काहीच नव्हतं.

शेरीफच्या पोलीसठाण्याच्या आवारात बर्फाचा नुसता राडा झाला होता. त्या राड्यात गुडघे टेकून महामार्ग पोलिसांच्या तपासनिसानं मारित टोलेफस्रुदच्या पिकअप ट्रकचा एक टायर रिमवरून सोडवला, आत बॅटरीचा झोत टाकला, बोटं फिरवली. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्या चाकात सोडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याच्या चिंध्या अजून कोल्हेटेकडीच्या उतारावर, गवताला अडकून फडफडत होत्या.

"नाहीत," तो हात पुसत म्हणाला. "हवा मोजणारा सेन्सर एकाही चाकात नाही. नुसते साधे वॉल्व्ह लावलेत."

डेप्युटी जोआन ब्रँडवोल्डच्या हातात एक पावती होती. मारितच्या कोटाच्या खिशात सापडलेली, घडीवर विरलेली. ‘चार नवे सेन्सर, बसवून. पैसे पोचले.’ खाली टायरवाल्या रोसाल्बा ट्रेविन्योची गिचमिड सही.

मारित गुरांची डॉक्टर होती. वय अठ्ठावीस. मार्च महिना म्हणजे मोंटानाच्या या कोपऱ्यात गाई विण्याचा हंगाम. आठ दिवसांपूर्वी, बुधवारी सकाळी, एका अडलेल्या गाईकडे निघालेली मारित टेकडी उतरत होती. मागचा टायर कमी हवेवर चालून चालून तापला आणि फुटला. ट्रक ओहोळात उलटला. गाय नंतर आपली आपण व्याली. वासराचं नाव त्या घरच्या बाईनं मारित ठेवलं, असं जोआनच्या कानावर आलं होतं, आणि ते ऐकल्यापासून तिला त्या रस्त्यानं जाववत नव्हतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी मारितला पाण्यापाशी हातांवर धरून उभी होती ती जोआनच.

"चाकं रिकामी निघाली, तर सरळ आहे: पैसे घेतले, माल घातला नाही, पोरगी गेली," सरकारी वकिलानं सकाळीच ऐकवलं होतं. "शुक्रवारी मी त्या बाईवर खटला भरतो. तुझ्याकडे वेगळं काही असेल, तर त्याआधी आण."

आज बुधवार होता.

तपासनीस मात्र जायला निघेना. टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला.

"एक कोडं आहे, बाई. सेन्सर नसले की समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागतो, तो काही केल्या विझत नाही. या गाडीच्या मेंदूतली शेवटची नोंद मी वाचली. दिवा बंद. आणि चार चाकांची हवा: पस्तीस, पस्तीस, पस्तीस, पस्तीस."

"फुटलेल्या चाकाचीसुद्धा?"

"फुटलेल्या चाकाचीसुद्धा. उलटून पडल्यावरसुद्धा."

२

रोसाल्बाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक पांढरी व्हॅन उभी होती. गेले पाच दिवस रोज सकाळी येऊन ती तिथे उभी राहायची आणि दुकान बंद झालं की जायची. व्हॅनच्या अंगावरची अक्षरं उडत चालली होती, तरी वाचता येत होती: ‘टोलेफस्रुद प्लंबिंग. आमचा जोड गळत नाही.’

जोआननं काचेवर बोटानं टकटक केलं. मारितच्या बापानं, आर्विदनं, काच खाली घेतली. एकाहत्तर वर्षांचा माणूस आठ दिवसांत नव्वदीचा झाला होता.

"घरी जा रे. थंडी बघ किती आहे."

"गाडीत हीटर आहे."

"मग चालू कर की."

त्यानं हीटरला हात लावला नाही. बॉनेटवर कागदी पेल्यात कॉफी होती, वर बर्फाची साय धरलेली.

"रोसाल्बा आणून ठेवते?"

"रोज. गोठते तिथंच." त्यानं दुकानाच्या दारावरची नजर काढली नाही. "हातानं काम करणाऱ्यानं काम खोटं करू नये, जोआन. चाळीस वर्षं मी पाईप जोडले. एक जोड गळला असेल तर दाखव. आणि त्या बाईला चार सेन्सर नीट बसवता आले नाहीत?"

"तू तिला विचारलंस?"

"काय विचारू? तिनं खोटं सांगितलं तर मी काय करीन, याची मला भीती वाटते. म्हणून बसतो इथं."

जोआननं त्याचा हात धरला. बोटं गारठून लाकूड झाली होती. अंगठ्याच्या नखाच्या कडेला एक जांभळट रेघ होती. दफनानंतरच्या जेवणाच्या दिवशीही तिला ती दिसली होती. त्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघरात, मेणकापडाच्या टेबलावर तसाच एक जांभळा डाग होता. तिनं फडकं घेऊन घासला तर आर्विद म्हणाला होता, "राहू दे. मारितनं बिटाचं लोणचं सांडलं होतं." आणि त्यावर मिठाची बाटली ठेवली होती. घरात बिटाच्या बरण्या रांगेनं होत्या. जोआनला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

दुकानात रबराचा उग्र वास आणि कमालीची शांतता होती. आठ दिवसांत गिऱ्हाईक नव्हतं. रोसाल्बा रिकाम्या जॅकशेजारी उलट्या बादलीवर बसली होती.

"या डेप्युटीबाई. बेड्या आणल्यात, का टायर बदलायचाय?"

"बोलायला आलेय, रोसा."

"बोला. गावात माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नाहीये. माझ्या आईबापांनी इथं बिटाची शेतं खुरपली, कंबर मोडेपर्यंत. चाळीस वर्षं झाली. आणि आठ दिवसांत मी पुन्हा परकी झाले."

"पावतीवर चार सेन्सर आहेत. चाकांत नाहीत."

रोसाल्बा उठली, गल्ल्याखालचा खण ओढला आणि एक बंद पाकीट टेबलावर ठेवलं. त्यावर जाड पेनानं लिहिलं होतं: मारित.

"हे बघा. तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं, किपनं, मोठी चाकं कुठूनशी जुनी मिळवली. रिम झक्क, टायर नवे, पण आत सेन्सर नाहीत. मी मारितला इथंच, या टेबलावर, सगळं मांडून दाखवलं. पहिला मार्ग, जुन्या चाकांतले सेन्सर काढून यांत घालायचे. पण त्यांना आठ वर्षं झालेली, आतली बॅटरी आज जाईल का उद्या, सांगता येत नाही. गेली की पुन्हा चारही टायर सोडवा. दुसरा, कोरे स्वस्तातले घ्यायचे आणि त्यांना जुन्यांचे ओळख-नंबर शिकवायचे. तिसरा, गाडीच्या कंपनीचे अस्सल मागवायचे, थोडं थांबायचं. ती म्हणाली, रोसा, मी एकटीनं कुठंकुठं हिंडते तुला माहीत आहे, अस्सलच घाल. पैसे तेव्हाच दिले. म्हणून ती पावती."

"मग घातले का नाहीस?"

"मंगळवारी आले. तिला बोलावलं. उघडून बघते तर वेगळ्या रेडिओलहरीवर बोलणारे पाठवलेले! या ट्रकला त्यांचं बोलणं ऐकूच गेलं नसतं. परत पाठवले. हे बरोबरचे आले गुरुवारी." तिनं पाकिटाची कड सरळ केली. "ती गेली बुधवारी."

जोआननं पाकीट हातात घेतलं. चार सेन्सर. मूठभर वजन.

"आणि जुने चार?"

"तिचे तिला दिले. कापडी पिशवीत घालून, जुन्या रिमांबरोबर. किप आला होता घ्यायला."

"रोसा, नवे नाहीत, जुने नाहीत, तर दिवा लागायला हवा होता."

"लागला होता! पहिले चार दिवस लागला होता. मग विझला. तिनं मला फोनवर निरोप ठेवला, दिवा गेला म्हणून. मंगळवारी मी तिला म्हटलंसुद्धा, बाई गं, तो दिवा आपोआप जात नसतो, गाडी ठेव, बघते. तिला घाई. कुणाची गाय अडली होती. हसत निघून गेली." रोसाल्बानं डोळे मिटले. "मी तिच्या हातातून किल्ली ओढून घ्यायला हवी होती."

"तो निरोप ऐकव."

"नाही. त्यात तिचा आवाज आहे. आज नाही ऐकवत मला."

जोआन दाराशी पोचली, तेव्हा सहज बोलावं तसं ती बोलून गेली, "चारही चाकं पस्तीस दाखवत होती म्हणे. फुटेपर्यंत."

रोसाल्बानं गर्रकन मान वळवली.

"चारही? एकसारखी? त्या सकाळी शून्याखाली बावीस होतं! एवढ्या थंडीत कुठलाही टायर चार-पाच अंकांनी खाली बसतो. आणि जगात कुठल्याच गाडीची चार चाकं सारखा श्वास घेत नाहीत, बाई. उन्हाकडचं चाक वेगळं, ओझ्याखालचं वेगळं." ती जोआनच्या जवळ आली. "ती चाकं नव्हतीच बोलत. दुसरंच कुणीतरी बोलत होतं."

३

किप ड्रेसलर गुरांच्या हौदाचा फुटलेला पाईप जोडत होता. जोआनची गाडी पाहून उठला नाही.

"अटक करायची तर मला करा, मॅडम," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "चाकं मी आणली. लोक साखरपुड्याला अंगठी देतात. मी चाकं दिली. ती म्हणाली होती, अंगठी गाईच्या पोटात हरवेल, चाकं दे, म्हणजे चिखलातून निघता येईल."

"जुन्या रिमा आणि ती कापडी पिशवी?"

"म्हाताऱ्याच्या, आर्विदच्या, गोठ्यात टाकली. भिंतीशी."

"पिशवीत काय होतं माहीत होतं?"

"तिनं सांगितलं होतं. मी हात लावला नाही."

त्याची बोटं जांभळी झाली होती. शेजारी एक छोटा डबा उघडा होता आणि त्यात दाट जांभळं पाणी. प्लास्टिकच्या पाईपला डिंक लावण्याआधी जे फासतात, ते.

"हे कपड्यावर पडलं तर निघतं?" जोआननं विचारलं. का विचारलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"हे? जन्मात नाही. कातडीवरून आठ-पंधरा दिवसांत जातं, नखातून महिन्याभरात. बाकी जिथं पडलं तिथलंच झालं."

डब्याच्या बुडाला चिकटपट्टी होती. तिच्यावर जुनं, नेटकं अक्षर: आर्विद टी.

"त्याच्याकडूनच आणलाय मागून," किप म्हणाला. "मला काही हे जमत नाही. बघा ना, एक काप सरळ नाही. म्हातारा चिडवायचा: किप, तू पाईप कापतोस का दातांनी तोडतोस? मारित खो खो हसायची." तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा मध्येच मोडला.

जोआन गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवली नाही. मिठाच्या बाटलीखालचा तो डाग तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. बीट धुतलं की जातं.

४

गुरुवारी दुपारी रोसाल्बा आपलं यंत्र घेऊन शेरीफच्या आवारात आली. यंत्र हातभर लांबीचं होतं आणि त्याला छोटी काच होती. झोपलेल्या सेन्सरजवळ नेलं की त्याला जागं करायचं आणि बोलतं करायचं, एवढंच त्याचं काम.

"जवळ गेल्याशिवाय याला काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यासारखं आहे."

पहिल्या चाकाशी यंत्र गप्प. दुसऱ्याशी गप्प. तिसऱ्याशी गप्प. जोआननं वाकलेलं मागचं दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं. आत मारितचे गमबूट होते, दोरखंड होते, एक अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं, आठ दिवसांत सुकून म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यासारखं झालेलं. रोसाल्बानं क्रॉसची खूण केली आणि यंत्र मागच्या सीटखाली धरलं.

यंत्र बोललं.

एकदा. दोनदा. चारदा.

सीटखाली, जॅक ठेवायच्या खणात, लोकरीच्या एका लाल मोज्यात काहीतरी घट्ट बसवलेलं होतं. जोआननं मोजा ओढला. आतून निघाला वीतभर लांबीचा पांढरा जाड पाईप. दोन्ही टोकांना टोपणं, एका टोपणात सायकलच्या ट्यूबला असतो तसा वॉल्व्ह. हलवला, की आत चार छोट्या वस्तू खुळखुळत होत्या.

"अरे देवा," रोसाल्बा पुटपुटली. "हे वाटलंच होतं मला. इथले ट्रकवाले करतात हे. दिव्याचा कंटाळा आला की सेन्सर पाईपमध्ये कोंडायचे, हवा भरायची, सीटखाली टाकायचं. ट्रकला वाटतं, चाकं ठणठणीत आहेत." तिनं काच जोआनपुढे धरली. "जुनेच आहेत. या ट्रकच्या ओळखीचे. बघा, पस्तीस. हीटरच्या उबेत बसून पस्तीस, पस्तीस, पस्तीस म्हणत राहिले आणि बाहेर तिचं चाक मरत होतं."

सोबत थांबलेल्या तपासनिसानं फोटो काढले, आकडे उतरवून घेतले आणि पाईप जोआनच्या हवाली केला.

टोपणांच्या कडेला जांभळ्या रंगाची एकेक रेघ होती. ओघळ नाही, थेंब नाही, जणू बांगडी भरावी तशी. पाईपचा काप सरळ होता, कडा कानशीनं मऊ केलेल्या. दातांनी तोडलेला नव्हता.

जोआननं मोजा उलटा केला. टाचेशी निळ्या दोऱ्याची रफू होती. हा मोजा कुणी विणला, ते तिला माहीत होतं. मारितची आई, आर्विदची बायको लोरेन. मारित नऊ वर्षांची असताना गेलेली.

"आता तो निरोप ऐकव, रोसा," ती हळू आवाजात म्हणाली.

रोसाल्बानं फोन काढला आणि तोंड फिरवून उभी राहिली. आवारातल्या थंडीत मारितचा आवाज ऊन पडावं तसा पडला.

"रोसा! अगं दिवा गेला! तो पिवळा डोळा आई वाट बघत बसायची तसा बघायचा माझ्याकडे, गेला एकदाचा. काल बाबासमोर कुरकुरले, आज गेला. आमच्या गोठ्यातल्या निस्सेचं काम असणार. आज त्याला खिरीची वाटी ठेवते. लोणी घालून!"

"हा निस्से कोण?" रोसाल्बानं डोळे पुसत विचारलं. "गावात या नावाचं कुणी नाही. मी शोधलं."

जोआननं मोजा मुठीत आवळला. तिच्या आजीनं पाळण्यापाशी म्हटलेलं कडवं तिच्या ओठांशी आपसूक आलं होतं:

*कोण गं येऊन कडी लावून गेलं, तुटलं खेळणं सांधून गेलं?*
*वाटीत लोणी ठेव गं बाई, नाव त्याचं पुसायचं नाही.*

नॉर्वेहून आलेल्या प्रत्येक घरात तो होता. लाल टोपीचा, कुणाला न दिसता गोठ्यातली कामं उरकणारा. आई गेल्यावर मारितच्या बाहुलीचा हात रातोरात जोडला गेला, सायकलची साखळी बसली, बुटांना नवे बंद आले. कोणी केलं, म्हणून विचारलं की आर्विद वर्तमानपत्रात तोंड घालून म्हणायचा, निस्सेनं केलं असेल. आणि मारित खिडकीत खिरीची वाटी ठेवायची.

नाव त्याचं पुसायचं नाही. आणि जोआनच्या छातीवरचा बिल्ला नाव विचारण्यासाठीच होता.

५

जोआन घरी गेली, गुडघ्यांवर बसली आणि सिंकखालचं कपाट उघडलं.

एकोणीस वर्षांपूर्वी आर्विदनं तिचे पाईप बदलले होते. प्रत्येक जोडावर, पाईप आणि टोपण दोहोंवरून जाणारी शिसपेन्सिलीची एक बारीक रेघ होती. फिरवून बसवताना जोड बरोबर जागी आला का, ते कळावं म्हणून. रेघेखाली तारीख. तिनं सीटखालचा पाईप शेजारी धरला. तीच रेघ. तेच आकडे काढायचं वळण. तारीख फेब्रुवारीची.

जोडाखाली बोट फिरवलं. एकोणीस वर्षं. कोरडाठक्क.

फोन वाजला. रोसाल्बा होती.

"तो म्हातारा आहे ना?"

जोआननं पाईप जमिनीवर ठेवला.

"मोजा बघून तुमचा चेहरा उतरला, तो दिसला मला, बाई. मी आंधळी नाही." पलीकडे खण बंद झाल्याचा आवाज आला. "त्याला माहीत आहे का, त्यानं काय केलं ते?"

"नसावं. माहीत असतं तर तुझ्या दुकानासमोर बसला नसता. त्याच्या लेखी मंगळवारी तू नवे सेन्सर कसेबसे बसवलेस आणि ट्रक त्यांचंच ऐकत होता. मग सीटखालचा पाईप म्हणजे नुसता लाकडाचा ओंडका."

"मग ऐका. मला माझं नाव स्वच्छ हवंय. हवंच. पण तो रोज तिथं बसतो आणि मला वाटतं, माझ्यावर रागावतोय म्हणूनच जिवंत आहे. तो राग काढून घेतलात तर त्याच्याकडे उरेल काय?" ती थांबली. "मी सांगत नाही काय करा ते. बिल्ला तुमचा आहे."

जोआननं कपाट लावलं. उद्या शुक्रवार.

६

शुक्रवारी आर्विद व्हॅन घेऊन निघालाच नव्हता. दार उघडंच होतं. जोआन आत गेली, कोट न काढता टेबलाशी बसली, मिठाची बाटली बाजूला सरकवली. डाग तसाच होता.

डागाशेजारी तिनं पाईप ठेवला.

आर्विदनं पाहिला. हसल्यासारखं केलं.

"सापडला होय. काढायचा राहूनच गेला." खुर्ची ओढून बसला. "पोर म्हणाली, बाबा, तो दिवा अंधारात डोळा रोखून बसतो, जीव घाबरा होतो. म्हटलं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न. निवृत्त झाल्यापासून हाताला काम नव्हतं. एका दुपारचं काम, इथंच केलं. तिला सांगितलं नाही. सांगायचं नसतं."

"आर्विद."

"मग मंगळवारी तिनं नवे बसवून घेतलेच की. पावती तूच दाखवलीस मला."

"पावती आधीची होती. मंगळवारी चुकीचे आले होते, रोसानं परत पाठवले. बरोबरचे गुरुवारी आले. तिच्या खणात आहेत. मी पाहिले."

त्यानं बोटांवर वार मोजले.

"म्हणजे बुधवारी," आर्विद म्हणाला.

"बुधवारी ट्रक फक्त याचंच ऐकत होता."

त्यानं पाईप हातात घेतला. प्लंबर घेतात तसा, जोडावर अंगठा ठेवून.

"मी पस्तीस भरली होती. आता किती आहे?"

"पस्तीस."

"अजून?"

"अजून."

"गाडी उलटली. तीन कोलांट्या खाल्ल्या म्हणालीस. तरी?"

"तरी."

त्याचा अंगठा जोडाच्या रेघेवरून एकदा इकडे, एकदा तिकडे गेला.

"हा गळला असता तर दिवा लागला असता."

जोआननं मिठाची बाटली हातात फिरवली.

"खरं सांग. तू पोलीस आहेस."

"हो, आर्विद. लागला असता."

तो रडला नाही. उठला, सिंकपाशी गेला, एक धुतलेली वाटी उचलली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली.

"दिवा गेला त्या दिवशी तिनं गोठ्याच्या खिडकीत खीर ठेवली होती. अठ्ठावीस वर्षांची घोडी झाली तरी. मी खाल्ली." त्याची पाठ जोआनकडे होती. "लोणी घातलं होतं गं तिनं."

मग त्यानं टोपी उचलली. पाईप कोटाखाली, पोटाशी धरला.

"चल. ती बाई दुकान बंद करायच्या आत."

रोसाल्बा दारातच उभी होती. हातात कॉफीचा पेला, आणि रस्त्यापलीकडे आज व्हॅन नाही म्हणून गोंधळलेली. आर्विदनं तिच्यासमोर टोपी काढली. पांढरे केस वाऱ्यानं उडाले.

"माझं काम होतं ते," तो म्हणाला. "तुमचं नव्हतं. वकिलाला मी आत्ता जाऊन सांगतो. गावाला रविवारी चर्चमध्ये सांगीन. तुम्हाला आधी सांगायला आलो."

रोसाल्बा एक पाऊल पुढे आली. मग कॉफीचा पेला त्याच्या हातात दिला. या वेळी तो गरम होता, आणि या वेळी त्यानं घेतला.

आत, टेबलावर, मारितचं नाव लिहिलेलं पाकीट होतं. त्याच्याशेजारी त्यानं पाईप ठेवला.

"तुमचं ते यंत्र लावा," तो म्हणाला.

रोसाल्बानं जोआनकडे पाहिलं. फोटो निघाले होते, आकडे उतरले होते, कागद पुरे होते. जोआननं मान हलवली.

यंत्राच्या काचेवर चार आकडे उमटले. पस्तीस, पस्तीस, पस्तीस, पस्तीस.

आर्विदनं वॉल्व्हवर जांभळ्या रेघेचं नख टेकवलं.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला. "एकदा तरी गळू दे."

हवा निघाली. कुणीतरी झोपेत निःश्वास सोडावा, तशी. तीस. पंचवीस. चारही आकडे हातात हात घालून उतरत होते. वीसच्या खाली गेले, तसं यंत्र ओरडू लागलं, आणि काचेच्या कोपऱ्यात छोटा, पिवळा दिवा लागला.

बंद करायला कुणाचाच हात पुढे झाला नाही.